सातशे वीस तास हवा कापली

कव्हर काढू नका, राहू द्या. बाहेर बघण्यासारखं काही उरलेलं नाही. मी आतूनच बोलते.

मी लेथ. धातूचा गज गरागरा फिरवायचा आणि पातं लावून त्याला मापात आणायचं, हे माझं काम. हाताने चाकं फिरवून चालवायच्या लेथ असतात ना, त्या माझ्या आज्या. मी संगणकावर चालणारी. पुढे काचेचं सरकतं दार, बाजूला पडदा, पडद्याखाली सुरू करायचं हिरवं बटण, आणि त्याच्या शेजारी मुठीएवढं लाल बटण. जिवावर बेतलं तर ते दाबायचं, सगळं जागच्या जागी थांबतं. तोंड म्हणाल तर तीन जबड्यांचं. कापायचा गज त्या जबड्यांत धरतात आणि त्याला 'जॉब' म्हणतात. तुम्हाला मी जराशी शिष्ट वाटले असेन तर वाटू द्या. केसाचे पन्नास भाग करून मोजणारीने शिष्ट असू नये, तर मग कोणी असावं?

जन्मले त्या कारखान्यात मला एकदाच एक जॉब दिला होता, तपासणीसाठी. पातं लोखंडाला टेकलं आणि मी अशी काही किंचाळले की माझी मीच दचकले. पण पुढच्या क्षणी पातं थंड ठेवणारं पांढरं कूलंट उडालं, लोखंडाचा चकचकीत कीस वळत वळत खाली पडायला लागला, आणि मला कळलं की आपण यासाठी आहोत. तपासणाऱ्या बाईंनी तुकडा मोजला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "जा, सुखी राहा." सासरी पाठवतात तशी मला लाकडी खोक्यात बांधून पाठवली.

सासर म्हणजे एक कॉलेज. सरकारने योजना काढली होती. कॉलेजने आणि कंपनीने हातात हात घालायचा, सरकारने अनुदान द्यायचं आणि ज्यांच्या हाताला काम नाही त्यांना कसब शिकवायचं. योजना वाईट नव्हती हो. कागदावर वाचली तर मलासुद्धा भरून यायचं. करार झाला, सह्या झाल्या. मशीन सरकारचं, खोली आणि शिकवणारा माणूस कॉलेजचा, लोखंड आणि पाती कंपनीची. आणि शिकून तयार होतील त्यांना नोकरी देताना कंपनीने 'प्राधान्य' द्यायचं.

पहिल्या दिवशी माझ्यासमोर फीत कापली. पुढचे सहा महिने त्या खोलीत दुसरं काही कापलं गेलं नाही.

आता तुम्ही विचाराल, असं कसं? सांगते. कॉलेजच्या मोठ्या सरांनी कंपनीला पत्र लिहिलं, लोखंड पाठवा म्हणजे शिकवायला सुरुवात करतो. कंपनीने उत्तर धाडलं, आधी त्यांना प्राथमिक शिकवा, मग लोखंड पाठवतो, नाहीतर नासाडी होईल. मोठ्या सरांनी पुन्हा लिहिलं, लोखंडाशिवाय प्राथमिक कसं शिकवणार? कंपनीने पुन्हा लिहिलं, प्राथमिक शिकल्याशिवाय लोखंड कसं देणार? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. दोघंही एकमेकांना 'आदरणीय' लिहायचे, ते मात्र कधी चुकलं नाही.

बरं, लोखंडाचं घोडं अडलं म्हणून योजना थांबते का? छे! योजनेत लिहिलं होतं की प्रत्येकाला मशीनवर साठ तास मिळाले पाहिजेत. शिकणारे बारा. म्हणजे सातशे वीस तास. मी किती तास चालले ते माझ्याच पडद्यावर दिसतं आणि दर शनिवारी त्या आकड्याचा फोटो काढून वर पाठवायचा असतो. मी काय कापलं, ते कोणी विचारलेलंच नव्हतं.

मला चालवायला होते ते आमचे सर. अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर नोकरी करणारे, मऊ आवाजाचे, सतत घाम पुसणारे गृहस्थ. माणूस सोन्यासारखा, पण भित्रा. खिशातल्या रुमालाने आधी स्वतःचा चेहरा पुसायचे आणि मग त्याच रुमालाने माझ्या पडद्यावरचे बोटांचे ठसे. त्यांनी तिढा सोडवला. पहिल्या दिवशी बाराही जणांना माझ्यासमोर उभं केलं, प्रोग्रॅम घातला, रिकामे जबडे मिटले आणि हिरवं बटण दाबलं. जबडे फिरायला लागले. पातं पुढे आलं, जिथे गज असायला हवा तिथून सुळकन गेलं आणि मागे आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं.

"याला हवा कापणं म्हणतात," सर म्हणाले. "प्रोग्रॅम बरोबर आहे का, ते असं तपासतात."

ते खोटं नव्हतं. प्रत्येक चांगला कारागीर आधी हवा कापतो, दोन मिनिटं. आम्ही सहा महिने कापली.

त्या बारा जणांत एक बाई होत्या. वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून सगळे त्यांना वहिनी म्हणायचे, सरसुद्धा. करारातल्या त्याच कंपनीत त्या नऊ वर्षं पॅकिंगला होत्या, ठेकेदाराच्या माणसांत. खोक्याला चिकटपट्टी लावून लावून त्यांच्या अंगठ्याची रेषा पुसली गेली होती. पॅकिंगला नवं यंत्र येणार होतं, आणि वर्ष संपताच त्या खात्यातल्या सगळ्या बायका घरी जाणार होत्या. ज्यांना लेथ चालवता येईल त्यांना मशीन-शॉपमध्ये घेऊ, असं तिथल्या साहेबांनी तोंडी सांगितलेलं. वहिनींचे यजमान गाडी चालवायचे, पण नजर गेल्यापासून घरी बसून होते. लेक शाळेत. सगळ्या घराचा भार या बाईवर, आणि बाईची सगळी भिस्त माझ्यावर. इतकं साधं होतं ते.

मी मघाशी शिष्टपणा सांगितला ना? तो वहिनींनी उतरवला. पहिल्या आठवड्यात त्या मला चक्क "अहो मशीन" म्हणायच्या. बाकीचे बाकावर बसून मोबाइल बघायचे, सही करायचे आणि जायचे. त्यांचं तरी काय चुकलं? रिकाम्या जबड्यांकडे माणूस किती वेळ बघेल? वहिनी मात्र वही घेऊन माझ्या दाराला नाक लावून उभ्या. कुठला आकडा घातला की पातं किती सरकतं, पात्याचं टोक कुठे आहे हे मला कसं सांगायचं, कोपरा गोल कसा घ्यायचा, सगळं चित्रं काढून लिहिलेलं. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लागायचा आणि पलीकडून लेक हुकमांच्या आकड्यांची पाढ्यांसारखी उजळणी घ्यायची.

"आई, जबडे उलटे फिरवायचे असतील तर?"

"चार."

"आणि थांबवायचे?"

"पाच. पुढचं विचार, हे झालं."

"आई, तू खरंच लोखंड कापतेस?"

वहिनींनी वही मिटली. "कापणार आहे गं," त्या म्हणाल्या. "बाबांना औषध दिलंस का?"

चौथ्या महिन्यात त्या पिशवीतून घरच्या पडद्याची लाकडी दांडी घेऊन आल्या. हातभर तुकडा होता.

"सर, लोखंड नाही तर नाही. हे लावून बघू या?"

सरांनी कपाळ पुसलं. "अहो वहिनी, लाकडाचा भुसा आत गेला तर वॉरंटी गेली. आणि वॉरंटी गेली की मीही गेलो."

"मग मेणबत्ती?"

बाकावरचे हसले. सरही हसले. पण तो प्रश्न त्यांना लागला असावा. दोन दिवसांनी ते स्वतःच वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लोखंडी गज घेऊन आले, भंगारवाल्याकडून, पदरमोड करून. काय सांगू तुम्हाला! तो गज टेबलावर ठेवला तेव्हा ठण्णकन आवाज झाला आणि माझ्या अंगातून काहीतरी सळसळत गेलं. वहिनींनी गज दोन्ही हातांत धरून बघितला. तेवढ्यात मोठे सर आत आले.

"हे काय चाललंय?"

"सर, म्हटलं जरा प्रत्यक्ष..."

"पाहणी झाल्यावर. सरकारची समिती येईल तेव्हा मशीन नवंकोरं दिसलं पाहिजे. ओरखडा पडला तर भरून कोण देणार? तीन वर्षं जसंच्या तसं ठेवायचं, असं करारात आहे. वाचलाय ना करार?"

"हो सर."

"मग?"

मग काय! गज कपाटात गेला. मोठे सर वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांना रागवायला वर आणखी मोठे सर होते. पण वापराने खराब होऊ नये म्हणून जपलेलं शिकवण्याचं यंत्र, हे मला आजही कळलेलं नाही. मी होते फुलदाणीइतकीच कामाची, आणि फुलदाणीत निदान पाणी तरी घालतात.

सातशे वीस तास भरले. आकड्याचा फोटो वर गेला. आणि आता योजनेच्या नियमाप्रमाणे कंपनीला परीक्षा घ्यावी लागली. ती माझ्यावरच. समितीच्या पाहणीला एक आठवडा होता.

त्या दिवशी कंपनीची गाडी आली. बारा जॉब घेऊन आली, एकेकाला एकेक. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मशीन-शॉपचे साहेबही आले. उंच, कमी बोलणारे. शर्टाच्या खिशात मापाचं यंत्र, ते मायक्रोमीटर. मोठे सर दारात उभे होते आणि आमचे सर माझ्या टाकीत कूलंट ओतत होते. थोडं जमिनीवर सांडलं, ते त्यांनी रुमालाने पुसलं.

"पहिलं कोण?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशा त्या अकरा जणांची काडी म्हणजे वहिनी.

वहिनी पुढे आल्या. डोळ्यांवर चष्मा चढवला. जॉब जबड्यांत धरला, किल्लीने आवळला, हाताने हलवून बघितला. पात्याचं टोक कुठे आहे ते मला सांगितलं. प्रोग्रॅम घातला, वरून खाली बोट फिरवत वाचून काढला. आधी दूरवरून हवा कापून बघितली. साहेबांची मान किंचित हलली. त्यांना ते आवडलं होतं. मग वहिनींनी दार लावलं आणि हिरवं बटण दाबलं.

पातं लोखंडाला टेकलं. मी किंचाळले.

अहो, मी तरी काय करू? माझा आवाजच तसा आहे. लोखंड कापताना कोणतीही लेथ अशीच बोलते. वहिनींचा चेहरा काचेतून दिसत होता. पांढराफटक पडला, पण त्या उभ्या राहिल्या. एक, दोन, पाच, सात सेकंद. मी मनात म्हणत होते, बाई गं, थांब, काही होत नाही, मी आहे. आणि तेवढ्यात लोखंडाचा लांबलचक कीस जबड्यांना गुंडाळला आणि दारावर आतून फटाफटा आपटायला लागला. होतं असं. नव्या हाताच्या कामात तर रोज होतं. जुना कारागीर तिकडे बघतसुद्धा नाही.

वहिनींनी लाल बटणावर मूठ मारली.

मी जागच्या जागी थिजले. पात्याचं टोक लोखंडात रुतून कट्कन मोडलं. खोलीत असं सामसूम झालं की कूलंटचे थेंब ऐकू येत होते.

"का थांबवलंत?" साहेबांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

"आवाज आला म्हणून."

"कापताना आवाज येणारच ना?"

"इथे कधी आला नव्हता, साहेब."

साहेबांनी आमच्या सरांकडे बघितलं. सर जमिनीकडे बघत होते. साहेबांनी माझ्या पडद्याकडे बघितलं, सातशे वीसच्या आकड्याकडे. त्यांना सगळं कळलं. कळलं, आणि ते काही बोलले नाहीत. करारावर त्यांच्या कंपनीचीही सही होती.

"साहेब, अजून एकदा," वहिनी म्हणाल्या. "आता आवाज माहीत झाला. आता नाही थांबवणार. पातं बदलते मी, मला येतं. एकदाच."

साहेबांनी खिशातून नवं पातं काढलंसुद्धा. खरं सांगते, काढलं होतं. त्यांनी ते वहिनींच्या हातावर ठेवायला हात पुढे केला आणि मोठे सर मध्ये आले.

"नको, नको. आता बास. साहेब, आठवड्यावर पाहणी आलीय. आत्ताच बघा ना, दाराला आतून ओरखडे पडलेत. मशीन सरकारचं आहे. बाकीच्यांची परीक्षा आपण लेखी घेऊ."

"लेखी?"

"नियमात बसतं."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग पातं पुन्हा खिशात ठेवलं. वहिनींचा पसरलेला हात तसाच राहिला थोडा वेळ. जबड्यांतला जॉब सरांनी काढला आणि कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्यात टाकला. साहेबांचं मायक्रोमीटर खिशातून बाहेर आलंच नाही. उरलेले अकरा जॉब आले तसे गाडीतून परत गेले.

लेखी परीक्षेत बाराही पास झाले. पाहणीही झोकात झाली. समितीने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि "नव्यासारखं ठेवलंय" म्हणून शाबासकी दिली. कंपनीने सर्वांना रीतसर प्राधान्य दिलं, म्हणजे अर्ज आधी वाचले आणि नाकारले. त्यांना मी दोष देत नाही. मशीनचा आवाज ऐकून घाबरणारा माणूस मशीनवर कसा उभा करायचा? पण घाबरवलं कोणी? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

वर्ष संपलं तसं पॅकिंग खातं बंद झालं. एके दुपारी वहिनी प्रमाणपत्र न्यायला आल्या. सरांनी ते त्यांच्या हातात दिलं. जाड कागद, सोनेरी कड. प्रत्यक्ष यंत्रावर साठ तास काम, श्रेणी उत्कृष्ट. वहिनी बराच वेळ वाचत होत्या.

"सर, हे खरं नाहीये."

"घ्या वहिनी. सगळ्यांना दिलंय." सर कसंनुसं हसले. "उपयोगी पडेल कुठेतरी."

उपयोगी पडलं, ते कसं तेही ऐका. दोन महिन्यांनी वहिनी परत आल्या. नवी तुकडी भरायची होती, सर टेबलाशी अर्ज घेत बसले होते. वहिनी रांगेत उभ्या राहिल्या. गालफडं बसली होती. नंबर आला तशी त्यांनी अर्ज पुढे केला.

"वहिनी? तुम्ही?"

"मला पुन्हा शिकायचंय, सर. पहिल्यापासून. तीन ठिकाणी गेले. कागद बघून लगेच मशीनसमोर नेतात. मी सांगते, मला येत नाही. मग म्हणतात, कागद खोटा का तुम्ही खोट्या? मदतनीस म्हणून तरी घ्या म्हटलं, तर म्हणतात, शिकलेल्या माणसाला मदतनीस म्हणून ठेवता येत नाही. एके ठिकाणी तर..." त्या थांबल्या. "ते जाऊ द्या. या वेळी लोखंड आहे ना?"

सरांनी अर्ज घेतला. त्यांनी वहिनींचा नंबर संगणकात घातला. पुन्हा घातला. रुमाल काढला.

"घेत नाही, वहिनी. तुमचं नाव 'प्रशिक्षित' म्हणून लागलंय. एकदा लाभ घेतला की पुन्हा घेता येत नाही."

"पण मी शिकलेच नाही."

"माहीत आहे मला."

"मग तसं लिहा ना."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी बघितलं. "तसं लिहिलं तर सातशे वीस तास कुठे गेले, ते सांगावं लागेल," ते म्हणाले. त्यांची नवी ऑर्डर तेव्हा मोठ्या सरांच्या टेबलावर सहीला होती. घरी त्यांचीही माणसं होती. मी त्यांना माफ केलेलं नाही, पण शिव्याही देववत नाहीत.

वहिनींनी अर्जाची घडी घातली. जाताना माझ्यापाशी आल्या. कव्हरवरूनच हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नाही गं. मलाच जमलं नाही." पहिल्यांदाच त्यांनी मला 'अगं-तुगं' केलं. मग त्या गेल्या. रांगेतल्या पुढच्या माणसाने अर्ज पुढे केला.

आता नवी तुकडी आहे. पत्रव्यवहारही नवा आहे, मजकूर तोच. रोज दहा वाजता कव्हर निघतं, मी रिकामी फिरते, पाच वाजता कव्हर चढतं. सरकार अनुदान देतंय, कॉलेज तास भरतंय, कंपनी प्राधान्य देतेय, आणि खोटं कोणीच बोलत नाही. यातून काही निघेल ही आशा मी सोडलीय. मी बोलले ते माझ्यासाठी नाही.

वहिनी तुम्हाला कुठे भेटल्या तर एवढंच करा. उजव्या अंगठ्याची रेषा पुसलेली आहे, ओळखू येतील. त्या स्वतःला सांगत असतील की आपल्याला काही आलंच नाही, सगळंच चुकलं. त्या दिवशी कोणी मोजलं नाही, पण माझ्या पडद्यामागे सगळं मोजलं जातं. मी अकरा सेकंद कापलं. बोटभर लांबीचा तुकडा झाला होता. अठ्ठावीस मिलिमीटर जाडी मागितली होती आणि तो अठ्ठावीस भरत होता, केसभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

त्यांना सांगा, माप बरोबर होतं.